भंगारातून उभ्या राहिलेल्या मोटारी

घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल तर पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत किंवा अब्बांच्या बुटात एखादी बोटभर लांबीची मोटार हमखास सापडते. ‘हॉट व्हील्स’ नावाच्या या खेळण्यातल्या गाड्या अमेरिकेत १९६८ साली प्रथम बाजारात आल्या. पहिल्या खेपेत सोळा नमुने होते आणि त्यांपैकी एकाचे नाव होते ‘बीटनिक बँडिट’. टपाच्या जागी पारदर्शक घुमट, पुढे उघडे पडलेले चकचकीत इंजिन, आत दोन माणसे जेमतेम मावतील एवढी जागा. पाहणाऱ्याला वाटावे, खेळणी बनवणाऱ्यांनी मुलांसाठी काहीतरी कल्पनेतले काढले आहे. पण ही गाडी आधी खरोखरीची होती. एड रॉथ नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये ती घडवली आणि १९६१ च्या सुमारास प्रदर्शनात मांडली. तिला स्टिअरिंगचे चाक नाही, एक दांडा आहे. गाडी वळवणे, पळवणे, थांबवणे सगळे त्या दांड्यानेच. जगात अशी एकच गाडी आहे आणि ती आज नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात मोटारींच्या संग्रहालयात उभी आहे.

अशा गाड्यांना अमेरिकेत ‘हॉट रॉड’ म्हणतात. रोडस्टर म्हणजे बिनटपाची दोन आसनांची मोटार, आणि ‘हॉट रोडस्टर’चे हे लघुरूप असे बरेच जण मानतात. जुनी, स्वस्तातली मोटार घ्यायची, नको ते काढून टाकायचे, इंजिन आपल्या हाताने तगडे करायचे, पत्रा कापून-जोडून तिला असे रूप द्यायचे की दुसरीकडे तशी गाडी सापडू नये, एवढाच या शौकाचा पाया.

शाळेतल्या शिक्षकांनी मोटारींवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण आहे. पालकसभेला येणाऱ्या कितीतरी अम्मींच्या तोंडून आम्ही एक वाक्य ऐकत आलो आहोत: “नहीं पढेगा तो गॅरेज में बिठा दूँगी.” म्हणजे गॅरेज ही शिक्षा. गंमत अशी की त्याच घरात एखादे मामू नाहीतर चाचा डेंटिंग-पेंटिंगचे नामांकित उस्ताद असतात, त्यांच्या कमाईवर दोन बहिणींची लग्ने झालेली असतात, आणि ही धमकी त्यांच्या देखत दिली जाते. त्यांना काय वाटत असेल, हा विचार कोणी करत नाही. हॉट रॉडचा इतिहास वाचताना आम्हाला त्या मामूंची वारंवार आठवण झाली.

या गोष्टीची सुरुवात दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आसपास झाली. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात टी-मॉडेलच्या दीड कोटी मोटारी बनवल्या. त्यानंतर ए-मॉडेल आले. इतक्या मोटारी निघाल्या की काही वर्षांत त्यांचे भंगारही अमाप झाले. मंदीचा काळ, खिसा रिकामा, पण भंगारवाल्याकडे फोर्डचा सांगाडा थोडक्या पैशांत मिळायचा. पाऊस कमी, हिवाळा सौम्य, त्यामुळे पत्रा गंजत नसे आणि वर्षभर अंगणात काम करता येई. मग १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाच्या मोटारीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसवले. तोवर आठ सिलिंडर हे श्रीमंतांच्या गाडीचे लक्षण होते. फोर्डच्या रोडस्टरची किंमत होती ४६० डॉलर आणि इंजिनाची ताकद ६५ अश्वशक्ती. हलकी गाडी आणि मोठे इंजिन, हे जुळून आल्यामुळे १९३२ ची फोर्ड हॉट रॉडवाल्यांची लाडकी झाली, ती आजतागायत. २०१४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने हॉट रॉडची तिकिटे काढली, तेव्हा त्यांवरही १९३२ चीच फोर्ड झळकली.

पोरे काय करत? मडगार्ड काढत, टप काढत, पुढची काच काढत, बोनेटही फेकून देत. वजन जितके कमी, तितका वेग जास्त, एवढे भौतिकशास्त्र त्यांना पुस्तकाविना कळत होते. मग इंजिनाकडे वळत. इंजिन म्हणजे एका अर्थाने पंपच. जास्त हवा आणि पेट्रोल आत घेता आले आणि धूर झटपट बाहेर काढता आला तर ताकद वाढते. एका कार्बोरेटरऐवजी दोन बसवायचे तर ज्या नळकांड्यातून मिश्रण सिलिंडरमध्ये जाते, ते मॅनिफोल्ड नवे करावे लागते. व्हिक एडलब्रॉक नावाचे एक मेकॅनिक लॉस एंजेलिसमध्ये दुरुस्तीचे गॅरेज चालवत. १९३८ साली त्यांनी स्वतःच्या १९३२ च्या रोडस्टरसाठी बाजारात मिळणारे मॅनिफोल्ड पाहिले, ते पसंत पडले नाही, म्हणून आपले वेगळे बनवले. शर्यतीत ते पाहून इतरांनी मागणी केली, आणि त्या मागणीतून कारखाना उभा राहिला. आजही त्यांच्या नावाचे भाग जगभर विकले जातात. दुकानावर बसून दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या हातून उद्योग कसा जन्मतो, याचे इतके सरळ उदाहरण आम्हाला दुसरे माहीत नाही.

वेग तपासायचा कुठे? शहरापासून शे-दीडशे किलोमीटरवर मोहावीच्या वाळवंटात काही कोरडी तळी आहेत. पावसाळी पाणी आटले की तळाची माती वाळून फरशीसारखी सपाट, टणक होते. म्युरॉक आणि एल मिराज ही त्यांतली प्रसिद्ध नावे. शनिवारी रात्री पोरे निघत, तळ्याकाठी झोपत, पहाटे वारा सुटण्याआधी गाड्या पळवत. ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हा आकडा ओलांडणे हे प्रत्येकाचे स्वप्न. सुरुवातीला अनेक गाड्या एका ओळीत सुटत. पुढच्या गाडीच्या धुळीत मागच्याला काहीच दिसत नसे. अपघात होत, जीव जात. तेव्हा क्लबांनी एकत्र येऊन १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. गाडीची तपासणी, वेळ मोजण्याचे यंत्र, नियम मोडणाऱ्याला बाहेरचा रस्ता. ही संस्था सरकारने किंवा मोठ्या माणसांनी काढून दिली नव्हती. काढणारे स्वतः वीस-बावीस वर्षांचे होते.

या पुरुषांच्या मेळ्यात एक स्त्री होती, वेडा ऑर. तळ्यावर गाडी पळवणारी या संघटनेची ती पहिली महिला सदस्य. पण तिचे खरे काम दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर दिसले. शर्यती थांबल्या, पोरे फौजेत गेली. संघटनेचे बातमीपत्र वेडाने चालू ठेवले आणि समुद्रापार तैनात असलेल्या मुलांना टपालाने पाठवत राहिली. कोण कुठे आहे, कोण जखमी झाला, कोणाची गाडी घरी झाकून ठेवली आहे, असा मजकूर. १९४६ साली तिने हॉट रॉडच्या छायाचित्रांचे पुस्तकही काढले. मोटारींच्या इतिहासात तिचे नाव दोन ओळींत आटोपतात, ते आम्हाला खटकते.

युद्धाने म्युरॉकचे तळे हिरावले. तिथे लष्कराचा विमानतळ झाला. पण युद्धातून परतलेली मुले आता विमानांची इंजिने उघडून बसवायला शिकून आली होती, वेल्डिंग शिकली होती. लढाऊ विमानांच्या पोटाखाली पेट्रोलची एक जादा टाकी लावलेली असे, आकाराने माशासारखी, हवेला सहज कापणारी. बिल बर्क याने युद्धकाळात पॅसिफिकमध्ये अशा टाक्या पाहिल्या आणि १९४६ साली फौजी भंगारातली एक टाकी आणून तिचीच मोटार बनवली. माणूस टाकीत बसलेला, चाके बाहेर. १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती सुरू झाल्या, तिथे अशा टाकी-मोटारी आजही धावतात.

सगळेच काही वाळवंटात जात नव्हते. बहुतेकांना गावातला रस्ताच जवळचा होता. सिग्नलला दोन गाड्या शेजारी थांबल्या की इशारा व्हायचा, आणि हिरवा दिवा लागताच सुटायच्या. माणसे मेली, वृत्तपत्रांनी झोड उठवली. ‘हॉट रॉडर’ म्हणजे गुंड, असे समीकरण झाले. आपल्याकडे रात्री बायपासवर सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली फिरवणाऱ्या पोरांबद्दल आपण जे बोलतो, जवळजवळ तेच शब्द. आणि ते बोलणे चूक नव्हते. रस्त्यावरून जाणाऱ्या तिसऱ्याच माणसाचा जीव धोक्यात घालायचा हक्क कोणालाच नाही, मग गाडी कितीही देखणी असो.

पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये या मोटारींचे प्रदर्शन भरले, लोकांचे मत बदलावे म्हणून. त्याच वेळी रॉबर्ट पीटरसन या एकवीस वर्षांच्या तरुणाने ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक काढले आणि प्रदर्शनाच्या पायऱ्यांवर उभे राहून पंचवीस सेंटला एक असे विकले. त्याचे संपादकपद लवकरच वॉली पार्क्स यांच्याकडे आले. ते जुने तळ्यावरचे गडी. त्यांनी मासिकातून सतत एकच लावून धरले: शर्यत रस्त्यावरून उचला, बंद जागेत न्या. १९५० साली सांता ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ काढली. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोना शहरात झाली आणि तिथल्या पोलीसप्रमुखाने या पोरांना हाकलण्याऐवजी साथ दिली. पुढच्या वर्षी चार माणसे एक मोटार आणि ट्रेलर घेऊन देशभर गावोगाव निघाली. हेल्मेट कसे असावे, पट्टा कसा बांधावा, ब्रेक कसा तपासावा, शर्यतीची जागा कशी आखावी, हे शिकवत. या चौघांचा म्होरक्या बड कून्स हा पोमोनाचा पोलीस सार्जंट होता. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची नेमणूक.

आता कारागिरीकडे वळू, कारण आमचे मन खरे तिथे रमते.

हॉट रॉडला वेग हवा असतो. तिची धाकटी बहीण ‘कस्टम’ हिला रूप हवे असते. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या जाड, फुगीर मोटारी घेऊन त्यांना बारीक, बैठे, वाहते रूप द्यायचे. त्यातले सर्वांत अवघड काम टप कापण्याचे. ऐकायला सोपे वाटते: खिडक्यांच्या उंचीतून चार इंच कापून काढा, टप खाली आणा, जोडा. १९३२ ची फोर्ड जवळजवळ उभ्या पेटीसारखी आहे, तिथे हे त्यातल्या त्यात जमते. पण १९४९ ची मर्क्युरी घ्या. तिचे खांब वर जाताना आत झुकतात. डेरेदार झाडासारखा आकार. खांबांतून चार इंच काढले की वरचा टप खालच्या खांबांवर बसतच नाही, पुढून-मागून आखूड पडतो. मग एक तर खांब आणखी तिरपे करायचे, नाहीतर टपच आडवा कापून मधे नवा पत्रा घालून लांबवायचा. दारांच्या चौकटी तितक्याच कापायच्या. काचा नव्याने कापायच्या. मागची काच वाकडी असते, ती कापू गेले तर तडकते, म्हणून तिला तशीच ठेवून आडवी निजवतात. एका जागी पाव इंच चुकला की दुसऱ्या टोकाला दार लागत नाही. हे सगळे मोजपट्टी, गॅस कटर, हातोडी आणि नजर यांच्या भरवशावर. आमच्या भूमितीच्या तासाला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा मर्क्युरीचा टप कापून पाहावा.

जोड दिल्यावर तो दिसता कामा नये. आजचे पेंटर लांबी भरतात. त्या काळी शिसे भरत. आणि इथे आमच्या वाचकांना ओळखीची गोष्ट भेटते: शिसे धरावे म्हणून पत्र्याला आधी कल्हई करावी लागते. मोहल्ल्यात भाता घेऊन येणारे कल्हईवाले चाचा पातेल्याच्या आत जे करत, तेच. मग शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची कांडी ज्योतीने तापवायची. घट्ट आणि पातळ यांच्या मधली एक अवस्था येते, लोण्यासारखी. तेवढ्याच वेळात मेण किंवा तेल लावलेल्या लाकडी पट्टीने ते पसरायचे. ज्योत जरा लांब गेली तर थिजते, जरा जवळ आली तर ओघळून जमिनीवर पडते आणि पत्राही वाकतो. गार झाल्यावर कानशीने घासून बोटाला जोड लागणार नाही इतके एकसंध करायचे. या कामात शिशाची बारीक पूड अंगात जाते आणि ती विषारी असते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या कारागिरांनी याची फारशी पर्वा केली नाही. अशा शिसे भरलेल्या जड मोटारींना ‘लेड स्लेड’, शिशाची घसरगाडी, असे नाव पडले.

मग रंग. ‘कँडी’ रंग म्हणजे खाली सोनेरी किंवा रुपेरी चमकदार थर आणि त्यावर पारदर्शक रंगीत थर, एकावर एक कित्येक हात. उजेड वरच्या थरांतून आत जातो, खालच्या चमकीवर आपटून परत येतो, म्हणून मोटार पाकात बुडवल्यासारखी दिसते. एक हात कमी-जास्त झाला तर दाराचा रंग बोनेटपेक्षा गडद. डाग पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करणे महाकठीण.

या कलेत सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांचे नाव मोठे. आईवडिलांवाचून नातेवाइकांकडे वाढलेली ग्रीक वंशाची ही मुले. सॅमच्या हातात जादू, जॉर्जच्या जिभेवर. जॉर्जला लोक ओळखतात ते १९६६ च्या बॅटमॅन मालिकेतल्या मोटारीमुळे. फोर्ड कंपनीची प्रदर्शनासाठी बनलेली जुनी ‘फ्युचुरा’ त्याच्याकडे पडून होती, तिचीच त्याने ही गाडी केली. २०१३ साली ती लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. सॅम मात्र १९६७ सालीच कर्करोगाने वारला आणि त्याचे नाव जाणकारांपुरते राहिले. पत्रा कोण वाकवतो आणि फोटोत कोण येतो, हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच आहे.

बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपमधली सर्वांत गाजलेली मोटार म्हणजे ‘हिरोहाटा मर्क’. बॉब हिरोहाटा या जपानी वंशाच्या तरुणाने आपली १९५१ ची मर्क्युरी त्यांच्याकडे दिली. टप पुढून थोडा, मागून जास्त उतरवलेला, बाजूचा मधला खांबच काढून टाकलेला, रंग समुद्राच्या फेसासारखा फिका हिरवा. १९५२ साली ती लोकांसमोर आली. आता हे आठवा की १९४२ साली, म्हणजे जेमतेम दहा वर्षे आधी, जपानशी युद्ध पेटले म्हणून अमेरिकेच्या सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक, घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले होते. त्याच किनाऱ्यावर एका जपानी आडनावाची मोटार प्रदर्शनांतून मिरवू लागली. पुढे ती हातोहात फिरत १९५९ साली एका शाळकरी पोराने ५०० डॉलरला घेतली, आणि त्याने ती आयुष्यभर सांभाळली, मूळ रूपात परत आणली. २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव गेले. २०२२ च्या लिलावात तिला वीस लाख डॉलरांच्या घरात किंमत आली. नाव अजून हिरोहाटाचेच आहे.

एड रॉथची वाट वेगळी. त्याला पत्रा नको होता. प्लास्टरचा आकार घडवायचा, त्यावर काचतंतू आणि राळ यांचे थर द्यायचे, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो ते, आणि मनात येईल तो आकार काढायचा. खर्चासाठी तो बनियनवर विचित्र राक्षसांची चित्रे काढून विकायचा. त्याचा ‘रॅट फिंक’ नावाचा हिरवा, डोळे वटारलेला उंदीर मोटारींपेक्षाही जास्त खपला. आम्हाला स्वतःला रॉथच्या मोटारी फार आवडत नाहीत, डोळ्यांना थकवा येतो. पण एक मान्य करावे लागते की त्याने कोणाची नक्कल केली नाही.

आणखी एक शाखा सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्त्यांतले तरुण मोटारी जमिनीला टेकतील इतक्या खाली आणत आणि हळू, अगदी हळू चालवत. वेगाच्या शौकाला हा उलटा जबाब होता. यांना ‘लोरायडर’ म्हणतात. रविवारी अख्खे कुटुंब गाडीत बसून मुख्य रस्त्यावरून रमतगमत फिरायचे. कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि चाकाच्या रिमपेक्षा खाली मोटारीचा कोणताही भाग येणे गुन्हा ठरले. रॉन अगिरे या तरुणाने विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आपल्या मोटारीत बसवले. बटण दाबले की गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर. कायदा आणि कारागीर यांच्या या लपंडावातून गाडी नाचवण्याची कला निघाली. पुढे अनेक शहरांनी असे फिरणेच बंद केले. वस्ती गुन्हेगारांची, म्हणून गाडीही गुन्हेगारांची, असा हिशेब. कॅलिफोर्निया राज्याने ही बंदी उठवली ती २०२३ साली, आणि अंमल १ जानेवारी २०२४ पासून. तोवर पहिली पिढी आजोबा झाली होती.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ‘डेव्ह्ज ड्रीम’ नावाची अशीच एक मोटार आहे. न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावच्या डेव्ह हारामियो याने १९६९ ची फोर्ड सजवायला घेतली आणि १९७८ साली अपघातात तो गेला. गाडी अर्धी राहिली होती. त्याची पत्नी आणि नातेवाईक यांनी ती पुरी केली. ज्यांनी घरातल्या गेलेल्या माणसाचे अर्धवट घर बांधून पुरे केले आहे त्यांना ही गोष्ट अधिक उलगडून सांगायला नको.

आज या शौकात पैसा फार शिरला आहे. १९३२ च्या फोर्डचा पत्रा नवा कोरा छापून मिळतो. धनिक लोक वर्कशॉपला धनादेश देतात आणि तीन-चार वर्षांनी तयार गाडी घेऊन जातात. १९५० पासून कॅलिफोर्नियात ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ असा मान दिला जातो, त्यासाठी येणाऱ्या गाड्या इतक्या निर्मळ असतात की त्यांच्या टायरला माती लागलेली नसते. ज्या गाड्या भंगारातून पोरांनी उभ्या केल्या, त्या आता पोरांच्या आवाक्यात नाहीत. आम्हाला ही उधळपट्टीच वाटते.

आपल्याकडचे काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीला चालवता यावे म्हणून केलेले बदल यांना आरटीओच्या रीतीने वाट आहे. बाकी टप कापणे वगैरे विसरा. रस्त्यापुरता हा नियम योग्यच आहे. पण रस्त्याबाहेर या हातांना जागा कुठे आहे, हे आम्ही शोधत राहतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात का? मुलाच्या हट्टासाठी त्यांनी जुन्या वाहनांच्या भागांतून छोटी जीप बनवली. सुमारे ६० हजार रुपये खर्च. मोटारसायकलसारखी लाथ मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पसरली आणि उद्योजक आनंद महिंद्रा यांनी जाहीर केले की नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, तर त्यांनी ती आम्हाला द्यावी आणि बोलेरो घ्यावी. लोहार यांनी आधी गाडी द्यायला का-कू केली. आम्हाला ते फार आवडले. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली आणि त्यांची जीप कंपनीने घेतली.

इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा होते. मुले स्वतः एका माणसाची खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवतात. धावायला सोडण्याआधी तपासणी असते आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके जागच्या जागी अडली नाहीत तर गाडी मैदानात उतरत नाही. जे कॉलेजपर्यंत जाणार नाहीत, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, वेल्डरचा एक वर्षाचा आहे, आणि काही आयटीआयमध्ये मोटारीचा पत्रा दुरुस्त करणे आणि रंगवणे हेही एकेका वर्षाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात. अर्ज भरताना घरातल्या त्या मामूंना शेजारी बसवा, कोणत्या ट्रेडमध्ये हात कसा बसतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.